सूतभर नळी, वीतभर नेम



पाटण तालुक्यातल्या एका वाडीवरून आलेले पत्र पुढ्यात घेऊन बसलो आहे. लिहिणारी घरची सून आहे. नावगाव छापू नका असे तिने दोनदा बजावले आहे, तेव्हा छापत नाही. ती लिहिते:

"आमच्या मामंजींच्या नावावर ठासणीची बंदूक आहे. पिकाच्या राखणीचा परवाना आधी आजेसासऱ्यांचा होता, त्यांच्या मागे मामंजींनी अर्ज करून आपल्या नावावर घेतला. दोन वर्षे झाली, बंदूक डावीकडे मारते. धरलेल्या जागेपासून वीतभर बाजूला. मामंजी म्हणतात नळी वाकली आहे, आंब्याच्या दुबेळक्यात घालून सरळ करतो, माझ्या बापाने तशीच केली होती. नाही जमले तर लोहाराच्या भट्टीवर नेतो म्हणतात. मी काही बोलले तर 'तुला काय कळतंय त्यातलं' म्हणून गप्प करतात. पण तुमचे सदर ते चष्मा लावून वाचतात. तरी लवकर लिहावे. घरात दोन लहान मुले आहेत."

सूनबाई, लिहितो आहेच. पण अंक छापून तुमच्या वाडीवर पोहोचेपर्यंत बंदूक आंब्यावर चढली असती, म्हणून पत्रातल्या नंबरवर आधी फोन केला आणि शनिवारी स्वतःच एस.टी.त बसलो. तिथे काय झाले ते पुढे येईलच. त्याआधी आबांना, म्हणजे या सूनबाईंच्या मामंजींना, एक गोष्ट कबूल करायला हवी. त्यांचे म्हणणे खुळचट नाही. नेम चुकवणारी नळी वाकवून सुधारणे ही बंदूक घडवणाऱ्यांची जुनी आणि खरी विद्या आहे. शहाण्यासुरत्या माणसांना हे सांगितले की ती हसतात. हसू नये.

ठासणीच्या बंदुकीला बहुधा मागे एक खाच असते आणि तोंडाशी एक मणी. त्या मण्याला आपण माशी म्हणतो. दोन्ही डाग देऊन नळीवर कायमची बसवलेली. नव्या रायफलीसारखा स्क्रू फिरवून नेम इकडेतिकडे करायची सोय तिला नाही. मग गोळी बाजूला जाऊ लागली तर करायचे काय? एक तर माशी हलवायची, नाही तर नळी.

माशी हलवायचा नियम उफराटा आहे. गोळी डावीकडे जात असेल तर माशीही डावीकडेच सरकवायची, म्हणजे नेम धरताना बंदूक आपोआप उजवीकडे वळते. आता आबांच्या बंदुकीचे गणित करून पाहू. खाचेपासून माशीपर्यंत ४० इंच अंतर. आबा तीस पावलांवरून, म्हणजे सुमारे २५ वारांवरून मारतात. २५ वार म्हणजे ९०० इंच. तिथे चूक एक वीत, म्हणजे ९ इंच. नऊशेला नऊ, म्हणजे शंभराला एक. या हिशेबाने ४० इंचांना माशी चार दशांश इंच सरकवावी लागेल. सुतारी भाषेत तीन सुतांहून थोडी जास्त. नळीची तोंडाशी जाडी ती केवढी! तीन सूत सरकवलेली माशी नळीच्या पाठीवरून घसरून पार कडेला लोंबत राहील. म्हणूनच मोठी चूक असली की जुने कारागीर माशीला हात न लावता नळीच वाकवत.

नळीचा नियम सरळ आहे. गोळी ज्या बाजूला जायला हवी त्या बाजूला तोंड वाकवायचे. पण यात एक खोच आहे. तोंड वाकले की त्यावरची माशीही त्याच बाजूला सरकते, आणि माशी सरकली की नेम उलट दिशेला जातो. म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने थोडे काढून घेतले जाते. बाक तोंडाजवळ दिला तर थोडेच काढून घेतले जाते, मध्यावर दिला तर निम्मे, आणि अगदी मागे बुडाशी दिला तर जवळजवळ सगळेच. तोंडापासून १० इंचांवर बाक दिला तर आबांची वीतभर चूक घालवायला नळीचे तोंड किती सरकायला हवे? हिशेब करून पाहा, एक सूत. इंचाचा आठवा हिस्सा. तोच बाक नळीच्या मध्यावर दिला तर तेवढ्याच गुणासाठी तोंड तीन सुतांहून जास्त सरकवावे लागते.

आंब्याच्या दुबेळक्यात नळी घालून दस्त्याकडून रेटा दिला तर ती कुठे वाकते? जिथे फांदीचा कोपरा लागेल तिथे. बहुधा मध्यावर. आणि किती वाकते? ते आंब्याला विचारावे. लोखंड मोठे आडमुठे असते. थोडा रेटा दिला तर वाकल्यासारखे दाखवते आणि सोडताच जागेवर येते. आणखी रेटले, पुन्हा जागेवर. मग चिडून अंगाचा भार टाकला की एकदम अर्धा इंच वाकून तिथेच राहते. आता ते परत फिरवायचे. तार पुढेमागे वाकवून तोडतो तसा हा प्रकार आहे, फक्त इथे तुटण्याचा मुहूर्त आपला गाल दस्त्याला टेकलेला असताना येतो.

जुन्या नळीची घडणही ध्यानात घ्या. आजच्यासारखा अखंड पोलादी गज भोकसून पूर्वी नळी करीत नसत. लोखंडाची पट्टी दांड्याभोवती गुंडाळायची, तापवायची आणि ठोकून सांधा एकजीव करायचा. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात जुनी हत्यारे आहेत. मुलांना घेऊन गेलात तर तोफा-तलवारींवरच न थांबता जुन्या बंदुकांच्या नळ्याही पाहा, आणि एवढी लांब नळी सरळ ठेवायला कारागिराने काय केले असेल याचा विचार करा. अशा नळीचा सांधा गंजाने आतून खाल्लेला असला तर बाहेरून काही दिसत नाही. बाक देताना तो सांधा केसभर उकलतो, आणि त्यापुढे प्रत्येक बार त्या केसातून बाहेर पडायची वाट शोधत राहतो.

भट्टीचे म्हणाल तर ते याहून वाईट. तापवल्याने माशीचा डाग सुटतो, नळी कुठल्या कुठे वाकते, आणि आणखी एक गोष्ट घडू शकते. तिच्याकडे येतोच.

नळी सरळ आहे की नाही हे जुने लोक कसे पाहत असत, ते मला फार आवडते. धनुकलीसारख्या वाकवलेल्या काठीला बारीक तार किंवा तात ताणायची. ती नळीतून आरपार नेऊन आतल्या पृष्ठाला टेकवायची. तार सगळीकडे टेकली तर नळी सरळ. मध्ये कुठे तारेखालून उजेड दिसला तर तिथे बाक. मग नळी फिरवून पुन्हा पाहायचे. पुढे इंग्लंडात याहून सोपी युक्ती निघाली. नळीतून खिडकीकडे पाहायचे. खिडकीवर एक काळी आडवी पट्टी असते, तिची सावली नळीच्या आतल्या चकचकीत भिंतीवर पडते. सावलीची रेघ सरळ असली तर नळी सरळ, रेघ मोडली तर त्या जागी हातोडीचा हलका ठोका. बर्मिंगहॅमकडे हा स्वतंत्र धंदा होता. नळ्या सरळ करणारा माणूस दिवसभर दुसरे काही करीत नसे, आणि त्याच्या डोळ्याला मोल होते.

तार आणि हत्यार यांचे नाते निघाले म्हणून सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या वाचकांना मिरजेची सतारमेकर मंडळी ठाऊक आहेतच. ही घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांचे काम करणाऱ्यांची. राज्ये गेली, हत्यारांना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी तंबोरे आणि सतारी दुरुस्त करायला आणि घडवायला घेतल्या. जो हात पात्याला धार लावत होता तो भोपळ्यावर फिरू लागला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची घोडी कानशीने केसभर घासून जवारी लावणारा कारागीर पाहिला की मला कळते, सुताच्या आत काम करणारा हात कसा असतो. आबांचा हात मका आणि भात पिकवणारा आहे. तो हलका नाही, पण तो हात वेगळा.

आता कायदा. तोही थोडक्यात सांगतो, कारण वाडीवर हे कुणी सांगत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. पण त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणजे आबांनी लोहाराकडे नळी नेली तर आबा तर अडचणीत येतीलच, पण नांगराचा फाळ शेवटून देणारा बिचारा लोहारही गोत्यात येईल. शिक्षा दंडावर भागणारी नाही, वर्षांच्या कैदेची आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ती आणखी कडक झाली. शेजाऱ्याला असल्या फंदात पाडू नये. परवानाधारक कारागीर कुठे आहे याची चौकशी जिल्हाधिकारी कचेरीत करावी. बंदूक त्याच्याकडे देताना परवाना दाखवावा आणि पावती घ्यावी. आणि हेही सांगून ठेवतो: बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. रानडुक्कर शेतात आले तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वनखात्याची लेखी परवानगी लागते. नुकसान झाले तर पंचनामा लगेच करून घ्यावा, भरपाईचा अर्ज द्यावा. डुकराने लोळवलेला मका पाहून ज्याचे आतडे तुटले आहे त्याला हे कागदी बोलणे रुचत नाही हे मला ठाऊक आहे. माझाही मका लोळवला गेला आहे.

असो. शनिवारी दुपारी वाडीवर पोहोचलो. आबांनी पाहुणचार केला, चहा झाला, मग बंदूक भिंतीवरून काढून माझ्यापुढे ठेवली.

मी विचारले, "आबा, रिकामी हाय न्हवं?"

"दिवाळीपास्नं हात लावला न्हाई. रिकामीच हाय."

मी म्हटले, गज द्या. ठासायचा गज नळीत सोडला, नळीच्या तोंडाशी बोटाने खूण धरली, बाहेर काढला आणि नळीच्या अंगाला लावून धरला. नळी रिकामी असली तर गजाचे टोक टोपी बसते तिथल्या भोकापर्यंत पोहोचायला हवे. ते चार बोटे अलीकडेच थांबले.

कुणी काही बोलले नाही. आबांनी माझ्या हातातून गज घेतला, स्वतः घातला, स्वतः मोजला. पुन्हा मोजला. मग ओसरीच्या पायरीवर बसले आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. दिवाळीच्या आधी डुकरांचा कळप आला होता, बार भरला होता, कळप परतला आणि बार तसाच राहिला. घोड्याखालची टोपी काढली म्हणून त्यांच्या मनाने बंदूक रिकामी झाली. दारू आणि गोळी आत होतीच. हीच बंदूक ते दुबेळक्यात घालणार होते. हीच भट्टीवर जाणार होती. भट्टीला टोपी लागत नाही.

सूनबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी धाकट्याला आत ओढून घेतले, एवढेच.

वाचकहो, ठासणीच्या बंदुकीचे हे सगळ्यात मोठे दुखणे आहे. काडतुसाची बंदूक मोडून पाहिली की भरलेली आहे का ते दिसते. ठासणीची बंदूक तोंडातून भरायची, आत डोकावून काही कळत नाही. आणि नळीत डोकावायचे तरी कुणी? गजाने मोजणे ही एकच खात्री. बंदूक पुसायची असो, कोपऱ्यातून उचलून भिंतीला लावायची असो की निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा करायची असो, आधी गज.

तो जुना बार उडवून मोकळा करायचा असे आबा म्हणाले. मी नको म्हटले. इतके महिने पडलेल्या बाराने नळी आतून किती खाल्ली असेल कोण जाणे. टोपी बसते तिथल्या भोकातून पाणी आत मुरवत ठेवले. दारू ओली झाली की मेली. मग गजाच्या टोकाला पेच लावून गोळी आणि चिंधी ओढून काढली, काळा चिखल धुऊन टाकला, नळी गरम पाण्याने धुतली, कोरडी केली, तेलाचा बोळा फिरवला. बोळ्याला गंज आला, पण खवले आले नाहीत. तेवढे समाधान. गावातल्या कुणी हे काम पूर्वी केलेले नसेल तर करू नये. बंदूक आहे तिथे कुलपात ठेवून कारागिरालाच बोलवावे.

रात्री जेवताना मी विचारले, नेम चुकतो हे तुम्ही कधी पाहिले? म्हणाले, संध्याकाळी. कुठून? खोपीपासून, खालच्या तालीकडे तोंड करून. खालची ताल म्हणजे दक्षिण. आले ध्यानात? संध्याकाळी दक्षिणेकडे तोंड केले की मावळता सूर्य उजव्या हाताला येतो. माशी पितळेची, घासून चकचकीत. उन्हाने तिची उजवी कड उजळते आणि डावी कड दिसेनाशी होते. डोळा त्या उजळलेल्या कडेलाच अख्खी माशी समजतो आणि तीच निशाणावर आणतो. म्हणजे खरी माशी राहते डावीकडे, आणि गोळीही डावीकडे. जुने शिकारी म्हणत की गोळी उन्हापासून पळते. ते हेच.

दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलांना सांगून सकाळी शेतात गेलो. परवान्यावर लिहिलेल्या क्षेत्राच्या आतच, मागे दोन पुरुष उंच मातीची ताल, पलीकडे वाट नाही की गोठा नाही. सूर्य पाठीशी येईल असे पश्चिमेकडे तोंड केले. बारदानावर कोळशाने वर्तुळ काढले. आबांना बसवले, बंदूक मातीने भरलेल्या पोत्यावर टेकवली, दारूचे माप दर खेपेला एकच, गोळी एकच, चिंधी एकाच कापडाची. दर बारानंतर नळी पुसली. माशीवर काडीची काजळी धरली, म्हणजे चमक गेली.

पाच बार काढले. पाचही गोळ्या ताटलीएवढ्या घेरात पडल्या. गुळगुळीत नळीच्या बंदुकीला हे वाईट नाही. आणि त्या घेराचा मध्य निशाणापासून चार बोटे डावीकडे, म्हणजे सुमारे तीन इंच. वीत गेली, चार बोटे उरली. यात ऊन किती, बिनटेकूचा हात किती आणि गंजून जड झालेला चाप ओढताना बसणारा हिसका किती, याची वाटणी मला करता येणार नाही. पण नळीच्या माथी मारलेल्या चुकीतला मोठा हिस्सा नळीचा नव्हता.

आबा बारदानाकडे बघत बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "म्हंजी माज्या बाचा आंबा बी असाच असंल."

"असंल," मी म्हटले. "किंवा त्यांची खरंच वाकली असंल. बांधावरनं उतरताना काठीगत टेकली तर वाकती की."

आबा हसले. बंदुकीच्या तोंडाने ते स्वतः करवंदाची जाळी बाजूला सारतात, हे सूनबाईंनी तेवढ्यात सांगून टाकले.

पुढच्या आठवड्यात बंदूक परवानाधारक कारागिराकडे गेली. मीही गेलो होतो. म्हातारा माणूस, भिंगाचा चष्मा. त्याने बूड उघडले, नळीतून दाराकडे पाहिले, नळी हळूहळू फिरवत पाहिले आणि म्हणाला, नळी सरळ आहे. त्याला विचारले, वाकवायची वेळ येते का? येते म्हणाला, वर्षा-दोन वर्षांत एखादी. मग नळी दस्त्यापासून सोडवायची, शिशाच्या पट्ट्या लावून तीन ठोकळ्यांत धरायची, दोन एका बाजूला, एक समोर, आणि स्क्रूने पाव फेऱ्याने दाबत जायचे. दाब, सोड, तार लावून पाहा. दाब, सोड, पाहा. "आणि ज्या नळीत आत खवले दिसतात," तो म्हणाला, "ती मी परत देतो. भिंतीवर लावा म्हणून सांगतो. लोक रागावतात."

आबांच्या बंदुकीचे काम छोटे निघाले. चार बोटांच्या चुकीला माशी किती हलवायची? मघाच्याच त्रैराशिकाने करा: नऊशेला तीन, तर चाळीसला किती? इंचाच्या आठव्या हिश्शाहून जेमतेम जास्त. एक सूत. माशीचा डाग काढला, ती सूतभर डावीकडे घेतली, पुन्हा डाग दिला. नळीला दस्त्याशी धरणारी एक पट्टी ढिली होती ती आवळली. चापाची कमान साफ केली. पावती केली.

परवा सूनबाईंचा फोन आला होता. त्यांनी रिकाम्या नळीत गज घालून, जिथे नळीचे तोंड येते तिथे, नखाला लावायच्या लाल रंगाचे कडे गजावर काढले आहे. रेघ नळीच्या तोंडाशी आली तर रिकामी, वर राहिली तर भरलेली. आबा बंदुकीला हात लावला की आधी गज टाकतात आणि मोठ्या नातवाला रेघ बघायला लांबून हाक मारतात. रंग तेवढा टिकत नाही, म्हणाल्या, दर महिन्याला नवा लावावा लागतो. मी सांगितले, कानशीने खाचच पाडून घ्या.